देवीचा पिलर

अपेक्षेपेक्षा गॅस जास्त येत होता, म्हणून आमडीच्या गॅसघरात पेढे वाटले जात होते.

जैवंता पेंदोरने आपल्या वाटणीचा पेढा कागदासकट टेबलावर ठेवला आणि पडद्यावरच्या रेघेकडे पुन्हा पाहिलं. ही रेघ आता सपाट व्हायला हवी होती. ती चढतच होती.

"अगं, खा की," प्रकल्पाचे प्रमुख हर्षद गुंडावार तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तुझ्याच लेकरांची करामत आहे."

लेकरं म्हणजे जिवाणू.

वर्धेचं हे खोरं दगडी कोळशाचं. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी, दलदलीतली जंगलं इथे गाडली गेली आणि त्यांचे काळे थर झाले. शंभराहून अधिक वर्षं माणसं ते थर खणत आली. पण जमिनीखालच्या खाणीतून सगळा कोळसा कधीच निघत नाही. छत तोलून धरायला बराचसा कोळसा चौकोनी खांबांच्या रूपात तसाच सोडावा लागतो. खाणकामगार त्याला पिलर म्हणतात. खाण बंद पडली की तिच्यात पाणी भरतं आणि ते पिलर त्या अंधाऱ्या पाण्यात उभे राहतात, कुणाच्याच उपयोगाचे नसलेले.

कोळसा खाऊन जगणारे जिवाणू निसर्गात आहेत. एक जात कोळशाचे लांबलचक रेणू तोडते, दुसरी त्या तुकड्यांपासून साधी आम्लं आणि हायड्रोजन बनवते, तिसरी त्यावर जगते आणि मिथेन बाहेर टाकते. हे काम इतकं सावकाश चालतं की माणसाच्या आयुष्यात त्याचा हिशेबच लागू नये. जैवंताने नागपूरच्या प्रयोगशाळेत या तिन्ही जातींना एकत्र नांदायला शिकवलं, त्यांची भूक वाढवली आणि त्या मिश्रणाला वर्धिनी असं नाव दिलं. सोपं करून सांगायचं तर वर्धिनी कोळसा खाते आणि गॅसचा ढेकर देते. इतकं सोपं करताना काहीतरी निसटतंच. पण गोष्टीपुरतं चालून जावं.

आमडीच्या बुडालेल्या खाणीत वर्धिनी सोडली, त्यानंतर पलीकडची उघडी खाण बंद झाली. तिच्या कोळशावर चालणाऱ्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी थंडावली. दोन जिल्ह्यांच्या बस आता या गॅसवर धावत होत्या. आमडीत दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळीही पांढरं राहत होतं. वर्धिनीने आणलेल्या सगळ्या सुखांत जैवंताला हे सर्वांत मोठं वाटे.

"सर, हा गॅस येतोय कुठून?" तिने विचारलं.

"खाणीतून."

"खाणीत पूर्वेला, पडीक रानाखाली जेवढे पिलर आहेत, त्यांचा हिशेब मी स्वतः केलाय. ते झिजले की रान थोडं खचेल, तेही धरलंय. पश्चिमेला, गावाखाली, काहीच नाही. नकाशात तिथले सगळे पिलर काढून घेतल्याची नोंद आहे. मग वर्धिनी खातेय काय?"

गुंडावार हसले. "वाढलेलं ताट आहे जैवंता. वाढलं कुणी, हे कशाला विचारायचं?"

तिने पेढा खाल्ला नाही.

*

समाजमंदिराच्या पडवीत खाणीतले निवृत्त म्हातारे पत्ते खेळत होते. तिचे वडील, जंगू पेंदोर, पत्ते छातीशी धरून बसले होते. समोर मल्लय्या होता. तरुणपणी तेलंगणातून खाणीत आला आणि इथलाच होऊन गेला; मराठीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग मात्र त्याने कधी मनावर घेतलं नाही.

"बा, पश्चिमेकडच्या पॅनेलमध्ये कोळसा राह्यला हाय का?"

"डाव होऊ दे."

"बा."

"नकाशात का हाय?"

"सगळे पिलर काढले असं हाय."

"मंग? सरकारी नकाशा खोटा बोलते का?"

मल्लय्या खो-खो हसला. "जंगू, तुझा पोरगी एवढा शिकला, आता तरी सांग. नकाशाला काय माहीत देवीचा पिलर!"

जंगूने पत्ते खाली टाकले. "मल्लय्या, तोंडाले काही झाकन? खालची गोष्ट वर बोलाची नसते."

"खाण बुडाला, साहेब लोक मेला. आता मला काय सस्पेंड करते?"

आणि मग जैवंताला ते कळलं. आमडीच्या प्रत्येक कामगाराला ते ठाऊक होतं. तिला मात्र आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. खाणीचा एखादा भाग, म्हणजे पॅनेल, संपवायचा असला की शेवटी त्यातले पिलरही कापून घेत आणि छत कोसळू देत. ते सर्वांत जिवावरचं काम. म्हणून आमडीचे कामगार प्रत्येक पॅनेलमध्ये एक मोठा पिलर कापायचाच नाही, तो खाणीच्या देवीसाठी सोडायचा, असं ठरवून चालत. त्यात कोनाडा कोरायचा, खाली दिवा पेटवता येत नाही म्हणून त्याच्या जागी शेंदराचं बोट लावायचं आणि वर येऊन सांगायचं, "सगळे काढले, साहेब." पाळीवर देखरेख करणारा ओव्हरमनही मान डोलवायचा, कारण नारळ त्यानेच आणून दिलेला असायचा.

"किती पॅनेलमध्ये सोडले असे?" जैवंताने विचारलं.

"किती म्हंजे?" जंगू छाती फुगवून म्हणाला. "देवीले कोन्या पॅनेलमध्ये उपाशी ठेवतो का आमी? म्हनून तर ही जागा मांगतली. पह्यली आमडी उघड्या खानीनं खाल्ली. दुसरी धरनाच्या पान्यात गेली. तिसऱ्या खेपेले साहेबानं दोन जागा दाखवल्या. आजूबाजूची जमीन दबली होती, ही नव्हती दबली. साहेब म्हने, इथं खालचं सगळं बसून गेलं, आता काई होत नाई. आमी म्हनलं, हो साहेब, हेच द्या." त्याने डोळा मिचकावला. "आमाले मालूम होतं न, खाली कोन उभी हाय ते."

जैवंता पडवीच्या पायरीवर बसली. पायरीखाली फरशी, फरशीखाली मुरूम, त्याखाली वाळूचा खडक, आणि त्याखाली काळ्या पाण्यात देवीचे पिलर. सगळं गाव त्यांच्या डोक्यावर बसलेलं.

"बा," ती म्हणाली, "वर्धिनी तोच पिलर खाऊन रायली."

जंगूने पत्ते उचलले. "देवीचा पिलर कोनी खात नाई. उतारी कोनाची हाय?"

*

गॅसघराच्या लोकांनी पश्चिमेला नवं बोअर मारलं आणि त्यातून कॅमेरा सोडला. गढूळ पाण्यात आधी नुसते कण तरंगताना दिसले. मग एक भिंत दिसली. कोळशाची भिंत तुळतुळीत, धारदार असते. हिचा पृष्ठभाग पावसात भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखा पाझरत होता. कॅमेऱ्याच्या दांड्याचा नुसता धक्का लागला, तशी एक खपली सुटून खाली गेली.

गुंडावारांनी ते दृश्य पुन्हा एकदा लावून पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. चुकलेल्या आकड्यावर रागावत. चुकलेल्या माणसावर कधी नाही.

"कधीपर्यंत टिकेल?"

"आत्ता पाण्याने आधार दिलाय. उन्हाळ्यात खाणीतलं पाणी उतरलं की सगळा भार त्या मऊ कोळशावर येईल."

"म्हणजे आपल्याला वेळ आहे." ते उठून उभे राहिले. "गाव हलवू. चंद्रपूरला इमारती तयार आहेत. मी आजच वर बोलतो. तू लोकांना समजाव. तुझं ऐकतील."

"वर्धिनी थांबवता येईल, सर."

"आपण वरून सोडतो ते तिचं पोषक खाद्य बंद केलं तरी महिनोन्महिने ती स्वतःच्या मेलेल्या पेशींवर जगेल. तूच तसं लिहिलंयस."

"खाद्य बंद करून नाही. राखेने." तिने सांगितलं ते असं: थर्मलच्या राखेच्या तळ्यात डोंगराएवढी राख पडून आहे. ती चुन्याच्या पाण्यात कालवून बोअरमधून खाणीत सोडायची. चुन्याने पाणी इतकं अल्कधर्मी होईल की वर्धिनी त्यात जगणार नाही. आणि राख पोकळीत बसून, चुन्याशी संयोग पावून, दगडासारखी घट्ट होईल. पिलरना चहूबाजूंनी आधार मिळेल.

"खाणीत पाणी एकच आहे," गुंडावार हळू आवाजात म्हणाले. "पश्चिमेला सोडलेला चुना पूर्वेला पोचेल. सगळी वर्धिनी मरेल. एकदा राख भरली की या खाणीत पुन्हा काही पेरता येणार नाही."

"हो."

"दोन जिल्ह्यांच्या बस थांबतील. उघडी खाण पुन्हा सुरू करा म्हणून मागणी होईल. एका गावासाठी?"

"सर, तुम्ही कधी गाव हलवलंय?"

"बदल्या काय कमी झाल्या माझ्या?"

"बदलीत सामान हलतं."

गुंडावारांनी मान हलवली. "परवानगी नाही, जैवंता. गाव हलेल. यात चर्चा नाही."

*

ग्रामसभेत तिने काही लपवलं नाही. कॅमेऱ्यातलं दृश्य भिंतीवर लावायच्या आधीच मागून आवाज आला, "म्हंजे पोरीनं धरतीच्या पोटात जंत सोडले तर!"

"हो," जैवंता म्हणाली. "मीच सोडले."

सरपंच छबूताई ढवस यांनी बोलणाऱ्याला हाताने खाली बसवलं. "आता का करा लागते ते सांग, बाई."

"खाणीत चुना अन् राख भरली तर पिलर टिकन, पण कंपनी परवानगी देत नाई. ते म्हणते, चंद्रपूरले फ्लॅट देऊ. वरच्या मजल्यावर. लिफ्टसुद्धा हाय."

"लिफ्टनं आमाले खाली जायाची आदत हाय," एक म्हातारा म्हणाला, "वर जायाची नाई." सभा हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

छबूताई उभ्या राहिल्या. "माह्या सासूनं पह्यल्या आमडीत चूल मांडली. मी दुसऱ्या आमडीत लगीन होऊन आली. माह्या सुना इथं आल्या. दर खेपेले साहेब येते, गोड बोलते, अन् आमी ट्रॅक्टरवर भांडे ठेवतो. आता या खेपेले कोनी ट्रॅक्टर आनला, तर मी त्याच्या चाकाची हवा सोडीन. सांगून ठेवते."

"पन देवीच्या पिलरले काई होनारच नाई," जंगू मागच्या रांगेतून ओरडला. "कायले उगाच भेव दाखवता?"

जैवंताने दृश्य लावलं.

ओल्या, सुटणाऱ्या भिंतीवरून कॅमेरा सरकत गेला आणि एका खोबणीपाशी थांबला. कोनाडा होता. त्याची एक बाजू अजून सरळ, छिन्नीच्या घावांची. दुसरी विरघळून गेलेली.

जंगू उठून भिंतीपाशी आला. चित्रातल्या कोनाड्यावर त्याने हात ठेवला, तशी त्याच्या हाताची सावली त्यावर पडली. "हा माह्या हातचा हाय," तो म्हणाला. "डाव्या अंगाले छिन्नी घसरली होती. ते कड कुठं गेली?"

"खाल्ली, बा."

तो तसाच उभा राहिला. लेकीकडे त्याने पाहिलं नाही.

"राख कितीक लागन?" अखेर त्याने विचारलं.

"जंगू," मघाचा म्हातारा कळवळून म्हणाला, "देवीले राखेत गाडतं का आता?"

"राख कोन्या कोळशाची हाय रे? याच खानीच्या. जे तिच्यातून काढून नेलं, तेच तिले वापस देऊन रायलो." मग पहिल्यांदाच तो जैवंताकडे वळला. "तू नको येऊ. तुही नोकरी हाय. तुहं नाव हाय."

"बोअरचं झाकण माह्याच अंगठ्यानं उघडते, बा."

"म्हंजे तू आमाले न विचारता जंत सोडले, अन् आता आमच्या संगं त्याईले मारनार?"

"हो."

"चाल मंग," जंगू म्हणाला. त्याच्या आवाजात माया नव्हती. कामावर निघालेल्या माणसाचा आवाज होता तो.

*

वणीकडच्या भट्ट्यांतून चुन्याच्या ट्रॉल्या आल्या. राखेच्या तळ्यापासून थर्मलची जुनी पाइपलाइन गॅसघराच्या कुंपणापर्यंत येतच होती. विहिरींचे पंप काढून आणून ती जागी केली. सकाळच्या उन्हात पन्नासेक म्हातारे गॅसघराच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. काहींनी पेटीतून काढलेली जुनी हेल्मेटं घातली होती.

फाटकावरचा पहारेकरी गावातलाच होता. त्याने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा समोरच्या सगळ्या काकालोकांकडे आणि घाबरून तोंडाला येईल ते बोलून गेला, "रजिस्टरात सही केल्याशिवाय आत जाता येत नाई."

खरं तर कुणीही त्याला बाजूला सारून गेलं असतं. पण या माणसांनी जन्मभर एक नियम पाळला होता: हजेरी लावल्याशिवाय खाणीत उतरायचं नाही, कारण हजेरीत नाव नसलेल्या माणसाला खाली शोधायला कुणी येत नाही. ते रांगेत उभे राहिले. एकेकाने आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव नीट लिहिलं. 'येण्याचे कारण' या रकान्यात जंगूने लिहिलं, 'ड्यूटी'. खालच्या सगळ्यांनी तेच लिहिलं.

जैवंताने पश्चिमेच्या बोअरवर अंगठा ठेवला. झाकण उघडलं. पंप सुरू झाला, पाइप थरथरला आणि करडा-पांढरा लगदा जमिनीखाली जाऊ लागला. आत शिरणारी राख खाणीतला गॅस बाहेर ढकलू लागली. तो सुरक्षितपणे जाळून टाकायला तिने पूर्वेच्या टोकाला उंच नळी उघडून ठेवली होती. तिथली ज्योत भरदिवसा नीट दिसत नव्हती, पण तिच्यामागचं झाड पाण्यातल्यासारखं हलताना दिसत होतं.

दुपारी गुंडावार आले ते पोलिसांच्या गाडीतूनच. उतरून ते थेट तिच्याकडे आले. कपाळावर घाम होता.

"बंद कर. अजून पूर्व वाचेल."

"नाही, सर."

"दहा वर्षांची मेहनत, जैवंता! तू तिला स्वतःच्या हाताने मारतेयस."

"म्हणूनच मी आले," ती म्हणाली. बोअरच्या झडपेवरचा हात तिने काढला नाही. "दुसऱ्या कुणी मारली असती तर ते मला बघवलं नसतं."

ठाणेदार रजिस्टर चाळत होते. "घुसखोरी करायला आले आणि सह्या करून आत शिरले?"

"घुसखोरी नाही साहेब," मल्लय्या म्हणाला. "पाळी आहे. पहिला पाळी."

"तो पंप बंद करा आधी."

"करते साहेब. पण राख चालताचालता थांबला ना, पाइपमध्ये बसते. मग पाइप फुटते. तुम्ही असा जवळ उभा आहे, म्हणून सांगितलं."

ठाणेदार पाइपपासून दोन पावलं मागे सरले. गुंडावारांकडे पाहत त्यांनी विचारलं, "खरं आहे का?"

गुंडावार पूर्वेच्या ज्योतीकडे पाहत होते. तिची उंची कमी होत चालली होती. हातातल्या पडद्यावर पूर्वेच्या पाण्यातला चुना वाढताना दिसत होता. त्याचा अर्थ त्यांच्याइतका तिथे फक्त जैवंताला कळत होता.

"खरं आहे," ते अखेर म्हणाले. "थांबवलं तर फुटेल." आणि ते ट्रॉलीच्या सावलीत चुन्याच्या पोत्यावर जाऊन बसले.

"माणसं तरी उचला," ठाणेदार शिपायांना म्हणाले.

जैवंताला गाडीत बसवलं. तिच्या शेजारी जंगू चढला. त्याला कुणी धरलं नव्हतं, तरीही. मागच्या गाडीत मल्लय्या आणि बाकीचे. दार लावताना तिला ज्योत विझलेली दिसली. मागचं झाड स्थिर झालं होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. जंगूने तिचा हात हातात घेतला नाही. फक्त तिच्या मनगटावर उडालेला राखेचा लगदा अंगठ्याने पुसला.

"संपलं?" त्याने विचारलं.

"वर्धिनी संपली. पिलर अजून उघडेच हायेत. उन्हाळ्याच्या आत पोकळी भरा लागन. पंप रोज चालला पायजे." तिने खिडकीतून पंपाकडे पाहिलं. तिथे आता एकही माणूस उरला नव्हता.

"मंग चालन," जंगू म्हणाला.

गाडी फाटकापाशी आली आणि थांबली. समोर रस्ता अडला होता. छबूताई पदर खोचून पुढे उभ्या होत्या. मागे त्यांच्या सुना, समाजमंदिरातल्या बायका, शाळेतल्या मास्तरीणबाई, पिठाचा गिरणीवाला, डबे, पाण्याच्या कळश्या. ठाणेदारांनी काच खाली केली.

"बाई, बाजूला व्हा. काय चाललंय हे?"

"काई नाई साहेब. तुमी जा तुमच्या वाटेनं." त्यांनी गाडीला वाट करून दिली आणि पहारेकऱ्याच्या हातातला पेन घेतला. "दुसरी पाळी हाय. सह्या करून रायलो."